खंड्याला घेऊन चांदोलीत तंबू ठोकता येईल का?

कोथरूडची_आई : नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं, ९ आणि ६ वर्षांची मुलं आणि आमचा खंड्या (गावठी, ४ वर्षांचा, २२ किलो) असे दोन रात्री रानात राहायचं म्हणतोय. मुलांनी चांदोलीचा हट्ट धरलाय. कोणी कुत्र्याला घेऊन गेलंय का? खंड्याला घरी ठेवून गेलो तर तो जेवत नाही, म्हणून विचारतेय.

रानवाट : चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे पाळीव कुत्रा आत नेता येत नाही, आणि आपल्या मर्जीने तंबूही ठोकता येत नाही. अभयारण्यांतही तेच, त्यामुळे भीमाशंकर किंवा कोयनेचा विचार करत असाल तर तोही सोडा.

कोथरूडची_आई : त्याची सगळी इंजेक्शनं झाली आहेत आणि पट्टा सोडणार नाही. तरीही?

रानवाट : तरीही. २०१८ साली गीरमध्ये २०हून अधिक सिंह दगावले. त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू सापडला, काहींना गोचिडांतून पसरणारा बबेसिया (रक्तातला परजीवी) झाला होता. डिस्टेंपरची लस खंड्याला वाचवते, पण त्याच्या अंगावरची गोचीड लस बघत नाही. शिवाय चांदोलीत रानकुत्री आहेत, ती तर खंड्याची भाऊबंदच. त्याचा आजार त्यांना सहज लागू शकतो.

सोनचाफा : ताई, भाटघर धरणाच्या पाणलोटाकडे बघा. भोरपर्यंत दीड-दोन तास, म्हणजे खंड्याला गाडी लागायच्या आत पोचाल. पवना धरणाकडे सुट्टीत रात्री स्पीकर लावतात, आमची कुत्री भेदरून रात्रभर थरथरत होती, म्हणून तिकडे नकोच. तंबूची जागा ठरवण्याआधी तिच्या मालकाला फोन करून दोन गोष्टी विचारा : कुत्रा चालतो का, आणि त्यांचा स्वतःचा कुत्रा मोकळा असतो का. दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि पोचल्या पोचल्या मारामारी होते.

आणि हे कळकळीने सांगते : रात्री खंड्याला तंबूबाहेर बांधू नका. भोरच्या डोंगरांत बिबट्या आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. तो तुमच्यासोबत आत झोपू दे. अंधारात शू करायला नेताना मोठ्या माणसानेच न्यावं, टॉर्च आणि पट्टा घेऊन. मुलांच्या हाती पट्टा देऊ नका.

गोठणे : पावसाळ्यानंतर गवत कंबरेएवढं असतं. घरी परतल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत गोचीड आहे का बघा. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि ‘रानात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा. आमच्याकडून ते सांगायचं राहिलं आणि रक्ततपासणीला चार दिवस उशीर झाला. गोचिडांचं औषध निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधीच विचारून घ्या. साठलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) भीती असते. घरचं पाणी न्या.

कोथरूडची_आई : मनापासून आभार. भाटघर ठरलं. गोचिडांच्या औषधासाठी उद्याच डॉक्टरांकडे जातोय. चांदोली उन्हाळ्यात बघू, तेव्हा खंड्या माझ्या आईकडे राहील. तिच्या हातची भाकरी तो खातो. सोनचाफा, तुम्ही चौघांसाठी केवढा तंबू घेतला होता? खंड्या आडवा झोपतो.

सोनचाफा : सहा जणांचा घ्या. खाली जुनी सतरंजी अंथरा, नखांनी तळ फाटतो.