फिक्स्ड ब्लेड सुरी: मूठ हाताला बरी आणि धारही टिकणारी, दोन्ही एकात मिळतं का?

काटकी_कोरणारा
नमस्कार मंडळी, कँपिंगला न्यायला आता एकच फिक्स्ड ब्लेड ठेवायचं ठरवलंय, घडीची सुरी नको. कामं म्हणाल तर बहुतेक लाकूडच, शेकोटीसाठी बारीक ढलप्या काढायच्या, तंबूच्या खुंट्या तासायच्या, दोरी कापायची आणि संध्याकाळी निवांत असलो की चमचा वगैरे कोरत बसायचं. फांद्या फोडायला कुऱ्हाड वेगळी असते त्यामुळे सुरीच्या पाठीवर दांडकं हाणायची वेळ क्वचितच येते.

डोक्यात चार आहेत: मोरा कंपॅनियन, मोरा गारबर्ग, ईएसईई-४ आणि फेलक्निवेन एफ१. रिव्ह्यू वाचून वाचून डोकं फिरलंय राव, सगळीकडे पोलादाचं नाव आणि कडकपणाचा आकडा, पण अर्धा तास सलग तासल्यावर तळव्याचं काय होतं ते कोणी सांगतच नाही. दुसरं असं की सध्याची माझी सुरी डी२ पोलादाची आहे, डी२ ची धार टिकते असं जो तो सांगतो, आणि माझी एका संध्याकाळीत बोथट होते. पोलाद खोटं आहे की मीच काहीतरी वेगळं करतोय?

ढलपी_बहाद्दर
डी२ खोटं असेलच असं नाही. आधी बोथट म्हणजे नक्की काय झालंय ते बघा, कारण धार जायचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाला इलाज वेगळा. एक, घासून गोल होते, दोरी आणि पुठ्ठा कापताना हे जास्त. दोन, एका बाजूला वळते, कडक गाठीवर जोर लावला की असं होतं. तीन, बारीक कपच्या उडतात. चार, गंज, ओली सुरी रात्रभर म्यानात राहिली की डोळ्यांना डाग दिसायच्या आधीच धारेचा शेंडा खाल्लेला असतो. डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कडक कणांमध्ये, अडकून पडतं, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाही.

टॉर्च धारेवर समोरून मारा. चमकणारी रेघ दिसली तर गोल झालीय किंवा वळलीय. मग नख धारेकडे हलकेच ओढून बघा, एकाच बाजूला अडकत असेल तर वळलीय.

आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय बरचा आहे. दगडावर धार लावली की शेंड्यावर पातळ तार उभी राहते, तीच बर, ती पूर्ण निघाली नाही तर सुरी कागद मस्त कापते, अंगावरचे केससुद्धा काढते, आणि लाकडाला लागली रे लागली की ती तार आडवी पडते नाहीतर तुटते. लोक म्हणतात धार टिकली नाही, अहो पण धार लागलीच कुठे होती! डी२ मध्ये क्रोमियमचे कार्बाइड जाडजाड असतात, त्याची बर साध्या कार्बन स्टीलपेक्षा चिकट, लवकर सुटत नाही. शेवटच्या फेऱ्या एकदम हलक्या हाताने, दर वेळी बाजू बदलून, आणि मग कातड्याच्या पट्ट्यावर.

सुरी नवीकोरी असेल तर अजून एक. कारखान्यात धार मशीनच्या फिरत्या घासपट्ट्यावर वेगात काढतात, त्यात शेंडा तापून मऊ पडू शकतो. म्हणून दोनतीनदा दगडावर लावून खालचं चांगलं पोलाद वर येईपर्यंत कुठल्याही सुरीला पास-नापास करू नका.

पोलाद_पुराण
वरचं सगळं ठीक आहे पण उगाच गोल गोल कशाला फिरायचं, धार टिकवायची तर पोलादात वॅनेडियम धातू लागतो, संपला विषय. ईएसईई-४ चं १०९५ म्हणजे ०.९५ टक्के कार्बन आणि बाकी जवळपास नुसतं लोखंड, कडकपणा रॉकवेल मापावर ५५ ते ५७ एचआरसी. एस३०व्ही पोलादामध्ये ४ टक्के वॅनेडियम आहे, त्याचे कार्बाइड क्रोमियमच्या कार्बाइडपेक्षाही कडक. धार किती टिकते ते मोजणाऱ्या कॅट्रा टेस्टचे आकडे बघा, १०९५ कुठल्या कुठे राहतं. चिवटपणा हवा तर सीपीएम ३व्ही घ्या, गंजाची भीती असेल तर मॅग्नाकट, २०२१ ला आलंय आणि चिवटपणा न घालवता गंजालाही टिकतं. लिस्टमधल्या चारांपैकी एकही मी घेणार नाही, फार तर एफ१.

ढलपी_बहाद्दर
@पोलाद_पुराण कॅट्रा टेस्टमध्ये काय कापतात ते सांगायचं राहिलं तुमचं. ५ टक्के सिलिका घातलेला खास कागद असतो तो, मशीन ठराविक दाबाने पातं पुढेमागे करते आणि एकूण किती कागद कापला ते मोजते. म्हणजे फक्त घासून जाणारी धार मोजली जाते. प्रश्न विचारणाऱ्या काटकीकाकांना चमचा कोरायचाय, वाळू कापायची नाहीये. लाकडात सुरी तिरकी होते, पिळली जाते, गाठ लागते. तिथे शेंडा वळला नाही आणि कपची उडाली नाही म्हणजे टिकला.

शिवाय त्याच टेस्टमध्ये पोलाद तेच ठेवून धारेचा कोन कमी केला की आकडा धडाधड वाढतो. एस३०व्ही ला दोन्ही बाजू मिळून ४० अंश ठेवले आणि साध्या पोलादाला २५ ठेवले तर संध्याकाळभर लाकूड तासून झाल्यावर कोणती सुरी अजून कापतेय ते स्वतः करून बघा.

पोलाद_पुराण
२५ अंशांवर साधं पोलाद गाठीवर लगेच वळतं, ते का नाही सांगत?

ढलपी_बहाद्दर
वळतं की, नाही कुठे म्हणतोय. म्हणून स्कँडी धारेवर, म्हणजे मोरासारख्या रुंद सपाट उताराच्या धारेवर, अगदी शेंड्याला डोळ्याला जेमतेम दिसेल असा मायक्रोबेव्हल म्हणजे बारीकसा जास्त कोनाचा उतार देतात, बाकी कोन तसाच ठेवून. आणि वळलेली धार पट्ट्यावर पाच मिनिटांत सरळ होते, कपची उडालेली नाही होत. वॅनेडियमवालं पातं कँपवर साध्या दगडाला दाद देत नाही हेही सांगा ना लोकांना, वॅनेडियम कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कडक असतो, त्याला डायमंडची प्लेट बरोबर ठेवावी लागते.

पोलाद_पुराण
डायमंडची छोटी प्लेट खिशात मावते हो, ते काही कारण नाही. पण कोनाचं मान्य.

मूठभर_माती
तुम्ही दोघं भांडत बसा, मूळ प्रश्नातला अर्धा भाग कोणी हातात घेतलाच नाही म्हणून लिहितो. आणि माझं म्हणणं असं की ते दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. तळवा कशाने दुखतो? दाबाने. दाब कशाला लागतो? पातं लाकडात शिरत नाही म्हणून. धार उतरली की माणूस नकळत जास्त जोर लावतो, मूठ घट्ट आवळतो, आणि पाच मिनिटांपूर्वी जी मूठ छान वाटत होती तिचा प्रत्येक कंगोरा टोचायला लागतो. जाड पात्याचंही तेच. बेकर बीके२ चं पातं ६.३५ मिमी जाड आणि सुरी साडेचारशे ग्रॅमच्या घरात, फोडायला दणकट, पण तासायला घेतलीत की पाचरीसारखी अडते आणि हात दुखल्यावर शिव्या खाते बिचारी मूठ. कंपॅनियनचं पातं २.५ मिमी, लाकडात लोण्यासारखी नाही पण बिनतक्रार जाते, म्हणून तिची साधी प्लास्टिक-रबरची मूठसुद्धा लोकांना भारी वाटते. अर्थात ती मूठ खरंच चांगली आहे, मधे फुगीर, कडा गोल, कुठेही बोटांच्या खाचा नाहीत.

बोटांच्या खाचांवरून सांगतो, ज्या मुठीला चार बोटांचे चार खळगे पाडलेले असतात ती दुकानात हातात बसल्यासारखी वाटते आणि कामात त्रास देते, कारण ते खळगे दुसऱ्याच कोणाच्या बोटांचे असतात आणि पकड बदलली की उंचवटे नेमके सांध्यांवर येतात. सुरी आपण एकाच पद्धतीने धरत नाही ना. सरळ मूठ आवळून, अंगठा पाठीवर ठेवून, छातीशी धरून बाहेरच्या दिशेने, पुढे सरकून बारीक कामाला, या सगळ्या पकडी घेऊन बघायच्या, हातमोजे घालत असाल तर तेही घालून. मुठीभोवती बोटं गुंडाळली की टोकं तळव्याला जेमतेम टेकायला हवीत, रुतायला लागली तर मूठ बारीक आहे, लांब राहिली तर जाड.

आता तुमच्या चारांबद्दल.

ईएसईई-४: पातं ४.८ मिमीच्या आसपास, मायकार्टाची म्हणजे रेझिनमध्ये दाबलेल्या कापडाच्या थरांची मूठ. मायकार्टा पॉलिश केलेला नसेल तर ओल्या हातात उलट जास्त पकडतो, हा त्याचा मोठा गुण. पण धार आणि मूठ यांच्यामध्ये बोट ठेवायला खाच आहे, त्यामुळे धार हातापासून लांब सुरू होते, आणि तासायला सगळ्यात जास्त जोर मिळतो तो मुठीला चिकटून असलेल्या भागात. कोरीवकामाला ही खाच मला कधीच पटली नाही. दोरी, फांद्या, अडगळीतलं काम याला सुरी झकास, आणि १०९५ ला कुठल्याही दगडावर धार येते. मात्र पुसून तेलाचा हात द्यावाच लागतो.

गारबर्ग: १०९ मिमी पातं, ३.२ मिमी जाड, १४सी२८एन स्टेनलेस, फुल टँग म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. १४सी२८एन मध्ये कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास आणि थोडा नायट्रोजन, कार्बाइड बारीक, त्यामुळे पातळ कोन सहन करतं आणि धार पटकन लागते. तुमच्या कामाला धारेच्या बाजूने मला हीच बरोबर वाटते. मूठ कडक पॉलिअमाइडची, आकाराला चांगली पण ओल्या हाताला कंपॅनियनच्या रबरासारखा धीर देत नाही. पाठीचे कोपरे ९० अंशांचे धारदार आहेत, चकमकीच्या सळईवर ठिणग्या पाडायला छान, अंगठा ठेवायला वाईट. हे कोणी जाहिरातीत लिहीत नाही.

एफ१: ९७ मिमी पातं, ४.५ मिमी जाड, फुगीर म्हणजे कॉन्व्हेक्स धार. स्वीडनच्या हवाई दलाने १९९५ पासून वैमानिकांसाठी घेतलेली सुरी ही, म्हणजे जीव वाचवायला बनवलेली, चमचे कोरायला नव्हे. थर्मोरनची रबरासारखी मूठ थंडीतही हाताला गार लागत नाही. मूठ ११३ मिमी, मोठा पंजा असेल आणि वर हातमोजे असतील तर करंगळी काठावर येते. फुगीर धार चिवट असते, गाठीवर सहज वळत नाही, पण सपाट तासताना स्कँडीसारखी लाकडावर टेकून चालत नाही, हात सारखा सावरावा लागतो.

थंडीचं निघालंच आहे तर, ज्या फुल टँगमध्ये पोलाद मुठीच्या वरखाली उघडं दिसतं त्या गोठवणाऱ्या थंडीत बोटांतली ऊब शोषून घेतात. तुमचं फिरणं तशा ठिकाणी असेल तर टँग आत लपलेली मूठ बघा.

काटकी_कोरणारा
भारीच माहिती, आभार सगळ्यांचे. टॉर्च मारून बघितली, चमकती रेघ आहे आणि नख डावीकडे अडकतंय, म्हणजे वळलीय ना? दुसरं, पात्यावर मार्करने रंगवून दगडावर फिरवलं तर शाई फक्त वरच्या भागातली गेली, शेंड्याची तशीच राहिली. त्याचा अर्थ काय?

ढलपी_बहाद्दर
अर्थ असा की दगड शेंड्याला लागतच नाहीये, तुम्ही धारेच्या खांद्यावर घासताय. म्हणजे जुनी वळलेली धारच अजून तिथे आहे, दर वेळी पट्ट्यावर थोडी उभी होते आणि लाकडाला लागली की परत पडते. सुरीची पाठ दगडापासून किंचित उचला, शेंड्याची शाई जायला लागली की तोच कोन धरून ठेवा. एका बाजूला मुठीपासून टोकापर्यंत बर हाताला लागेपर्यंत दुसऱ्या बाजूला जायचं नाही, मग दुसरी बाजू, मग हलके हात. हे केल्यावर डी२ नक्की जास्त वेळ चालेल, नवीन घ्यायची घाईच करू नका.

पोलाद_पुराण
+१. डी२ ला डायमंड प्लेट वापरा पण, साध्या दगडावर वेळ खाईल. आणि पातं किती जाड आहे तुमचं?

काटकी_कोरणारा
४ मिमी, आणि धारेच्या लगेच मागेही बऱ्यापैकी जाड वाटतंय.

पोलाद_पुराण
मग धार कितीही लावा, तासायला अडणारच ती. मागची जाडी कमी करायची तर पातं बरंच घासावं लागेल, ते हाताने दगडावर करणं जिकिरीचं आणि मशीनवर तापलं तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. राहू दे तशीच, दोरी आणि सटरफटर कामाला ठेवा. तासायला मोरा, झालं. मी म्हणतोय हे बघा, ज्याला मोराचं पोलाद आवडत नाही तो.

सावलीत_बसलेला
मधेच विचारतो, गारबर्गच्या पाठीने अंगठा सोलतो त्याला काही करता येतं का? कानस मारली तर ठिणग्या पडायच्या बंद होतील ना?

मूठभर_माती
पूर्ण पाठ घासायची गरजच नाही. मुठीला लागून अंगठा टेकतो तेवढाच दोन-अडीच सेंटीमीटरचा भाग बारीक डायमंड कानशीने गोल करा, टोकाकडची पाठ तशीच धारदार राहू दे, ठिणग्या तिथून पाडा. धारेवर आधी जाड टेप चिकटवा, हात घसरतोच. मायकार्टाच्या मुठीचा कंगोरा टोचत असेल तर तोही सँडपेपरने असाच उतरवता येतो, फक्त तो पाण्यात भिजवून घासा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसाला चांगली नाही.