संहिता दोघांनाही, खुलासा मात्र सिस्टरनेच द्यायचा?

रात्रपाळी_लातूर
परवा रात्री अडीचला वॉर्डातून डॉक्टर सरांना फोन केला. पेशंटचं पोटॅशियम खाली आलं होतं. सर झोपेतच म्हणाले, "केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) एक अँप्युल दे." ड्रिपमधून की कसं, काही नाही. थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. म्हटलं, सर, केसपेपरवर लिहून द्या. सर तणतणत आले, लिहिलं, ड्रिपमधून दिलं. पेशंट ठीक आहे. सकाळी माझ्याकडे खुलासा मागितला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन.

मग डॉक्टर आणि नर्स, दोघांच्याही आचारसंहिता वाचून काढल्या. डॉक्टरांची २००२ची, नियम म्हणूनच आलेली. गैरवर्तन कशाला म्हणायचं, शिक्षा काय, सगळं त्यात आहे. आम्हा नर्सेसची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ची, २०२१ला सुधारलेली. पहिली बांधिलकी रुग्णाशी, आणि सहकाऱ्यामुळे रुग्णाला धोका असेल तर पाऊल उचला, असं ती सांगते. उचललं! आता पाठीशी कोण? उलट आड येते ती नर्सिंग शिकताना दिवे लावून घेतलेली शपथ, 'डॉक्टरांना निष्ठेनं मदत करीन' म्हणणारी. १८९३ची आहे ती, आणि नाव नाइटिंगेलचं असलं तरी लिहिली दुसऱ्यांनीच.

बीडकर_एमबीबीएस
सिस्टर, त्या रात्री तुमचंच बरोबर होतं. पण तुमच्या संहितेला दात नाहीत असं समजू नका, १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली रजिस्टरमधून नाव जाऊ शकतं. आणि अयोग्य सहकाऱ्याला भीडभाड न ठेवता उघडं पाडा, हे आमच्या २००२च्या नियमांतही आहे. राहिला प्रश्न अधिकाराचा. पेशंट दगावला तर ग्राहक आयोगाची नोटीस आधी माझ्या नावानं येते, नातेवाईक कॉलर माझी धरतात. जबाबदारी माझी तर शेवटचा शब्दही माझाच. प्रत्येक ऑर्डरवर वाद घालायला सरकारी वॉर्डात कुणाला सवड आहे?

कोयता_गाववाला
डाक्टरसाहेब, शेवटचा शब्द तुमचाच होता तवाच आमच्या बायांच्या गर्भपिशव्या गेल्या. २०१९ला बीडच्या ऊसतोड बायांचं पेपरात आलं, चौकशी समिती बसली. माझ्या चुलतीची तिशीतच काढली, 'कॅन्सर होईल' म्हणून भ्या दाखवून. मूल होणं बंद होईल अशा ऑपरेशनला नवरा-बायको दोघांची संमती लागती म्हणं तुमच्या नियमात. होत्या की सह्या! चुलत्याचा अंगठा बी होता. कागदावर नीती एकदम पक्की. तिथल्या सिस्टरला दिसत नव्हतं का?

रात्रपाळी_लातूर
दादा, दिसत असणार. पण अशा छोट्या दवाखान्यांत बऱ्याचदा 'सिस्टर' म्हणजे गावातली बारावी झालेली पोरगी, पांढऱ्या कोटातली. रजिस्टरात नावच नाही, मग कसली नर्सिंग परिषद अन् कसली संहिता? तिला तुटपुंज्या पगारावर कोण ठेवतं, हे डॉक्टरसाहेबांनी सांगावं.

बीडकर_एमबीबीएस
ठेवतात. माझ्या ओळखीतलेही ठेवतात, नाकारत नाही. तरी वॉर्डात दोन कॅप्टन चालत नाहीत, हे माझं मत कायम.

रात्रपाळी_लातूर
कॅप्टन व्हायचंच नाही मला. विचारलं की उद्धट ठरू नये, इतकंच. उद्या अकराला खुलासा द्यायचाय.

बीडकर_एमबीबीएस
वेळ, रिपोर्टमधला पोटॅशियमचा आकडा आणि तुम्ही विचारलेलं वाक्य, एवढंच लिहा. 'माफी' शब्द घालू नका. केसपेपरची झेरॉक्स जोडा, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.