मदत हवी आहे: पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गटाराचा वास, उद्या चार कुटुंबं येताहेत

सुपारीबाग, गुरुवार रात्री ८:५२
गुहागर तालुक्यात आमचं पाहुणेघर आहे. बाथरूममध्ये गटाराचा घाण वास येतोय. फिनेल झालं, ॲसिड झालं, दोनदा घासून घेतलं, डांबरगोळ्या टाकल्या. तासाभरात पुन्हा तेच. उद्या दुपारी पुण्याहून चार कुटुंबं येताहेत, रविवारपर्यंत मुक्काम. नेहमीचा प्लंबर लग्नाला गेलाय, सोमवारशिवाय येत नाही. आज रात्री किंवा उद्या सकाळी घरच्या घरी काय करता येईल ते सांगा. टाइल्स फोडायला सांगू नका.

नळजोड, रात्री ९:०४
आधी ॲसिड बंद करा. एकाच वेळी ब्लीचिंग पावडर तर टाकली नाहीत ना? दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.
आता सांगा: एकूण खोल्या किती, वास सगळीकडे आहे की ठरावीक बाथरूममध्ये? जाळीतून येतो, बेसिनखालून, की कमोडच्या बुडाशी? सेप्टिक टँक आहे का, आणि आंघोळीचं पाणी त्यातच जातं का? सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो टाकीकडून वर येतोय. नुसता कुबट, साबणट असेल तर जाळीखाली केस आणि साबणाचा गाळ कुजतोय. दोन्हींचे उपाय वेगळे.

घाटावरचा, रात्री ९:११
एक्झॉस्ट फॅन बसवा आणि दिवसभर चालू ठेवा. विषय संपला. ६ इंचीचा घ्या, स्वस्तातला नको, खाऱ्या हवेत बेअरिंग धरतं.

नळजोड, रात्री ९:१६
@घाटावरचा, इथे फॅनने वास वाढेल. दार-खिडकी बंद असताना फॅन आतली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा त्याला कुठून तरी खेचावीच लागते. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये (पाणी धरून गटाराचा वायू अडवणारा भाग) पाणी नसेल तर तो ती गटारातूनच खेचतो.

शेणखत, रात्री ९:२०
टाकीत जिवाणू मेलेत. बादलीभर ताजं शेण पाण्यात कालवून कमोडमधून सोडा, वर अर्धा किलो गूळ. आठ दिवसांत वास जातो. बाजारात पावडरची पाकिटंही मिळतात.

गवंडीकाम, रात्री ९:२८
शेण नको. त्यातला चोथा टाकीत लवकर कुजत नाही, वर साय धरून राहतो आणि पुढे शोषखड्ड्यात जाऊन चिऱ्यांची भोकं बुजवतो. टाकीला लागणारे जिवाणू मैल्यासोबतच येतात, रोज येतात. पावडरीचीही गरज नाही. जिवाणू मरतात ते ॲसिड-फिनेल ओतल्याने. आणि आठ दिवसांचा उपाय उद्या दुपारी कसा कामाला येणार?

शेणखत, रात्री ९:३३
आमच्याकडे गोबरगॅस शेणावरच चालतो. जिवाणू तेच.

गवंडीकाम, रात्री ९:३७
गोबरगॅसची स्लरी रोज बाहेर पडते, खत म्हणून वापरात येते. सेप्टिक टँकमधला गाळ दोन-तीन वर्षं आतच बसतो. म्हणून त्यात चोथा घालायचा नसतो.

सुपारीबाग, रात्री ९:४१
ब्लीचिंग नाही टाकलेलं. पाच खोल्या आहेत, वास फक्त तीन नव्या खोल्यांत (३, ४, ५). सडक्या अंड्यासारखाच. जुन्या दोन ठीक आहेत. टाकी आहे, सगळं पाणी त्यातच जातं. आता उपाय सांगा.

मोरपंखी, रात्री ९:४६
न विचारता एक सांगते. चारही कुटुंबांकडून निम्मी रक्कम आगाऊ घेतली आहे ना? रद्द केल्यास परतावा किती, ते आधी लेखी कळवायचं. आणि प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद वहीत हवीच. परदेशी नागरिक असेल तर त्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत करावी लागते, मग तो एकच रात्र राहो.

खाडीकाठ, रात्री ९:५०
जूनपासून मासेमारी बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत. पाहुणे तरीही सुरमई मागतात. ताटाचा दर ठरवताना खाडीची मासळी आणि सुकं धरूनच ठरवा, बर्फातली सुरमई ताजी म्हणून वाढू नका.

नळजोड, रात्री ९:५५
दोघांचंही बरोबर आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.
@सुपारीबाग, नव्या खोल्या शेवटच्या कधी वापरल्या? आत्ता एवढं करा. तिन्ही बाथरूममध्ये नहाणीच्या जाळीत बादलीभर पाणी संथपणे ओता, बेसिनचा नळ मिनिटभर सोडा, फ्लश एकदा ओढा. मग दार लावून अर्धा तास थांबा आणि कोणत्या खोलीत काय फरक पडला ते खोलीवार लिहा.

घाटावरचा, रात्री १०:०२
ट्रॅपचं पाणी आठवडाभरात आटत नाही. ५० मिमी पाणी असतं त्यात.

नळजोड, रात्री १०:०८
चांगल्या खोल ट्रॅपमध्ये ५० मिमी असतं. फरशीत चार बोटं जागा वाचवायला उथळ कपाचा ट्रॅप बसवतात, त्यात १५-२० मिमी पाणी भरलं तरी खूप. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या स्लॅबखाली ते टिकत नाही. म्हणूनच विचारतोय, खोल्या किती दिवस बंद होत्या.

सुपारीबाग, रात्री १०:४९
शिमग्यानंतर नव्या खोल्या उघडल्याच नव्हत्या. परीक्षांमुळे कोणी येत नाही, जे आले ते जुन्या दोन खोल्यांत मावले.
३: वास गेला.
४: काहीच फरक नाही.
५: गेला होता. मग ४ चा फ्लश ओढला तेव्हा ५ च्या जाळीतून गुडगुड आवाज आला आणि पाच मिनिटांत वास परत.

नळजोड, रात्री ११:०१
एवढं पहिल्यांदाच लिहिलं असतंत तर दोन तास वाचले असते. तीन खोल्यांची तीन दुखणी आहेत.

३ चा ट्रॅप आटला होता, आता भरला. यापुढे बंद खोलीत दर चौथ्या दिवशी जाळीत एक तांब्या आणि बेसिनमध्ये अर्धा तांब्या पाणी. महिनाभर बंद राहणार असेल तर पाणी भरून वरून दोन चमचे गोडेतेल सोडा. तवंग धरतो आणि पाणी आटायचं थांबतं. कमोडचं झाकण खाली ठेवा.

४ ची जाळी उचलून बॅटरी मारा. जाळीखाली उपडा ठेवलेला प्लास्टिकचा कप दिसायला हवा, त्याची कड खालच्या पाण्यात बुडालेली. पाण्याचा पडदा तोच धरतो. त्यात केस अडकले की पाणी सावकाश जातं, मग साफ करणारं माणूस कप काढतं, पाणी धो धो जायला लागतं आणि कप परत बसवायचा राहतो. कप नसेल तर शंभर बादल्या ओतल्या तरी वास थांबणार नाही.

५ चं काम सोमवारचं. त्याआधी एक सांगा, नव्या तीन खोल्यांचा कमोड आणि नहाणी एकाच पाइपवर आहेत का?

सुपारीबाग, रात्री ११:२०
कप नव्हता! गिझरच्या मागे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला सापडला, वाळलेले केस चिकटलेले. धुऊन बसवला, पाणी ओतलं, वाट बघते. पाइप एकच आहे, ४ इंची. गवंडी म्हणाला दोन लाइनींची गरज नाही.

गवंडीकाम, रात्री ११:३१
गरज होती. मैलापाण्याची आणि आंघोळीच्या पाण्याची लाइन वेगळी ठेवायची आणि नहाणीची लाइन चेंबरला जोडण्याआधी गली ट्रॅप घालायचा, म्हणजे खोलीतला ट्रॅप आटला तरी टाकीचा वायू आत येत नाही. ५ नंबर लाइनच्या वरच्या टोकाला असणार. ४ चा फ्लश सुटला की पाण्याचा लोट पाइप भरून पुढे जातो आणि मागची हवा ओढतो. हवा यायला व्हेंट पाइप नाही, म्हणून तो ५ च्या ट्रॅपमधलं पाणीच खेचून घेतो. गुडगुड आवाज त्याचाच.
टाइल्स फोडायला लागणार नाहीत. ५ च्या मागे, बाहेरच्या बाजूला, लाइनच्या वरच्या टोकाला टी जोडून ७५ मिमीचा उभा पाइप छपराच्या वर न्या, खिडक्यांपासून लांब. वर काउल (पाइपाच्या तोंडावरची टोपी) आणि नायलॉनची जाळी. लोखंडी जाळी समुद्राकाठी दोन पावसाळ्यांत गंजून जाते.

नळजोड, रात्री ११:३८
सहमत. उद्यापुरतं सांगतो: कुटुंबं चार, खोल्या पाच. ५ ला कुलूप लावा, फॅन बंद, खिडकी उघडी. जाड प्लास्टिक पिशवीत दोन लिटर पाणी भरा, गाठ मारा आणि ती जाळीवर पसरून ठेवा. पिशवी फरशीला चपखल बसते, वायू थांबतो.

गवंडीकाम, रात्री ११:४४
टाकीचं माप काय, कुणासाठी बांधली होती, गाळ शेवटचा कधी काढला? पाच खोल्यांचं आंघोळीचं पाणी त्यात जातं हे वाचल्यापासून माझा जीव टाकीत अडकलाय.

सुपारीबाग, शुक्रवार सकाळी ७:१२
४ चा वास रात्रीतच गेला! ५ ला पिशवी ठेवली. खूप आभार.
टाकी सासऱ्यांच्या वेळची आहे, घरच्यांपुरती. आतून २ मीटर लांब, ९० सेंमी रुंद, पाणी १.२ मीटर. गाळ आम्ही आल्यापासून काढलेला नाही. शोषखड्डा विहिरीच्या पलीकडे आहे.

गवंडीकाम, सकाळी ७:४०
म्हणजे २१६० लिटर. १६ पाहुणे माणशी १२० लिटर धरले तर १९२०, घरची चार माणसं धरून २४०० झाले. गाळाने एक तृतीयांश जागा खाल्ली असेल तर पाण्याला उरले साधारण १४४० लिटर. मैला खाली बसायला पाणी टाकीत किमान दिवसभर मुरायला हवं, तुमच्याकडे ते १५ तासही थांबत नाही. त्यात सगळे आंघोळ सकाळी ८ ते १० मध्ये करणार. तो लोट गाळ ढवळून शोषखड्ड्यात ढकलतो, खड्डा बुजतो आणि मग पाणी उलट खोल्यांकडे येतं.
मोठी टाकी बांधण्याआधी आंघोळीचं आणि बेसिनचं पाणी टाकीतून काढा. माड-केळींच्या आळ्यात सोडा, दर आठवड्याला आळं बदला. स्वयंपाकघराच्या मोरीला तेल अडवणारं छोटं चेंबर करा, तळलेल्या मासळीचं तेल थंड झालं की पाइपात थिजतं.
गाळ ओढायला सक्शनचा टँकर बोलवा. आत कुणालाही उतरवू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. आतल्या वायूने माणूस दुसऱ्या श्वासाला कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही जातो. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने कुणाला सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. झाकण उघडल्यावर काडी ओढायची नाही, वायू पेट घेतो.

पाणवठा, सकाळी ७:५८
इतका वेळ वाचत होते. विहीर आणि शोषखड्डा यांत अंतर किती? आणि पाहुणे त्याच विहिरीचं पाणी पितात का?

सुपारीबाग, सकाळी ८:०५
चाळीस फूट असेल. पाणी तेच, गाळून देतो. चव खूप चांगली आहे.

पाणवठा, सकाळी ८:२६
ताई, हे वासापेक्षा मोठं दुखणं आहे. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा, आणि तोही उताराच्या खालच्या अंगाला. आपल्या जांभ्यात तेवढंही पुरेलच असं नाही, कारण वाळूतून पाणी झिरपतं तसं इथे होत नाही, चिऱ्याच्या फटींतून आणि भोकांतून ते न गाळता पुढे पळतं. पावसात विहीर भरली की दोन्ही पाणी एकाच पातळीवर येतात. चवीवरून काहीच कळत नाही.
पाहुणे असेपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच द्या, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट. बर्फ आणि सरबतही उकळलेल्या पाण्याचंच.
टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) हिशोब १००० लिटरला २.५ ग्रॅम. विहीर ३ मीटर व्यासाची आणि पाणी २ मीटर असेल तर १४ हजार लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळा. रात्री टाका, सकाळी पंप लावा. पावडर उघड्या पिशवीत ठेवली की जोर जातो, हवाबंद डब्यात ठेवा.

घाटावरचा, सकाळी ८:३१
आरओ बसवा, प्रश्न मिटेल.

पाणवठा, सकाळी ८:३९
आरओ क्षार काढायला लागतो, कोकणातलं विहिरीचं पाणी बहुधा मुळातच मऊ असतं. इथे जिवाणू मारायचेत. आणि आरओ स्वयंपाकघरातल्या एका नळाला बसतो. दात घासायला, भाजी धुवायला पाणी विहिरीचंच. आधी तपासणी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली घ्या, बिसलेरीची धुतलेली चालत नाही. टीसीएल टाकण्याआधी नमुना घ्या, नाहीतर अहवाल खोटाच चांगला येईल. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

सुपारीबाग, सकाळी ८:५०
बाटलीसाठी माणूस पाठवला. टीसीएल नमुन्यानंतर. पातेलं चुलीवर चढवलंय.

सुपारीबाग, शनिवार दुपारी ३:२०
३ आणि ४ मध्ये अजिबात वास नाही. सकाळी सगळ्यांच्या आंघोळीनंतर पाणी जरा हळू जात होतं, तुंबलं नाही. टँकर मंगळवारी येतोय. प्लंबर फोनवर म्हणतो व्हेंटला ७५ कशाला, ५० चा पाइप घरात पडलाय तोच लावतो. चालेल का?

नळजोड, दुपारी ३:३४
५० ने हवा खेळेल, पण कुंभारीण माशी उन्हाळ्यात उघड्या पाइपात मातीचं घर करते आणि ५० चं तोंड एका घरट्यात बंद होतं. ७५ च घ्या. मधे ९० अंशाचं एल्बो नको, ४५ चे दोन. आणि तो गेल्यावर ४ चा फ्लश ओढून ५ च्या जाळीला कान लावा, मगच पैसे द्या.