नेझुकोला ‘वाइफू’ म्हटलं तर सगळे अंगावर आले, मग म्हणायचं तरी काय?

कराडचा_भाऊ

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघायला लागून जेमतेम आठ महिने झालेत. डेमन स्लेयरपासून सुरुवात केली ती पण बहिणीमुळं, ती बारावीला आहे आणि रात्री तिचा अभ्यास आटपला की एक एपिसोड असं आमचं दोघांचं ठरलेलं. त्यात तांजिरो पाठीवर लाकडाची पेटी घेऊन फिरतो बघा, आत त्याची बहीण नेझुको, ती राक्षस झालेली, उन्हात आली तर जळून जाईल म्हणून दिवसभर पेटीत. आमचे वडील गेले तेव्हा माझी बहीण सहावीत होती, मी तिला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचो, पाठीला तिचं दप्तर टोचायचं. त्यामुळं ती पेटी दिसली की माझ्या पोटात कालवतं, दुसरं कुठलं कॅरेक्टर मला इतकं जवळचं वाटतच नाही.

तर परवा एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं की तुमचं सगळ्यात आवडतं कॅरेक्टर कोण, खाली सगळे लिहीत होते माझी वाइफू अमकी, माझी वाइफू तमकी. मला वाटलं लाडक्या कॅरेक्टरला वाइफू म्हणत असतील, मी पण टाकलं ‘नेझुको माझी वाइफू’. झालं. दहा मिनिटांत लोक तुटून पडले, ती बारा-चौदा वर्षांची पोर आहे, लाज वाटत नाही का वगैरे, एकानं स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर फिरवला. कमेंट लगेच काढून टाकली मी, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. बहिणीला विचारायचं पण धाडस होईना.

वाइफू म्हणजे नक्की काय? आणि हे ओशी, बेस्ट गर्ल, बायस वगैरे जे लोक लिहितात त्यातलं माझ्या बाबतीत कुठलं बसतं, जरा नीट समजावून सांगा.

पेठेतली_जपानी

दादा, आधी एक सांगते, तुमची पोस्ट वाचून तुमच्या मनात काय होतं ते कुणालाही कळेल. पण तिथल्या लोकांनी फक्त ती एक ओळ वाचली आणि त्या ओळीचा अर्थ खरंच वेगळा होतो.

वाइफू म्हणजे इंग्रजीतलं वाइफ, जपानी तोंडून आलेलं. २००२ च्या अझुमांगा दाइओह नावाच्या ॲनिमेत किमुरा म्हणून एक मास्तर आहेत, त्यांच्याकडचा एका बाईंचा फोटो खाली पडतो, मुली विचारतात ह्या कोण, तर ते म्हणतात ‘माइ वाइफू’. तेवढा एक शब्द बाहेरच्या, म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या फॅन लोकांनी उचलला आणि जगभर नेला. जपानमधले चाहते स्वतः त्या अर्थानं वाइफू फारसं म्हणत नाहीत, त्यांचं आपलं ‘ओरे नो योमे’, म्हणजे माझी बायको. आणि योमे हा शब्द सासू सुनेसाठी पण वापरते, म्हणजे सगळा मामला लग्नाच्या घरातलाच. पुरुष कॅरेक्टर असेल तर हजबंदो. म्हणून वाइफू म्हटलं की ‘हिच्याशी मी संसार मांडला असता’ असा सूर लागतो आणि लहान मुलीच्या बाबतीत तो कुणालाच चालत नाही, चालू पण नये.

तुम्हाला हवा तो शब्द ओशी. क्रियापद ओसु. जपानीत ओसु असा उच्चार असलेली दोन क्रियापदं आहेत, एक दार ढकलायचं, आणि दुसरं एखाद्याचं नाव पुढे करायचं, शिफारस करायची. ओशी ह्या दुसऱ्यातून आला. रुळला आयडॉल, म्हणजे नाचगाणं करणाऱ्या तरुण स्टारच्या ग्रुपमुळे, विशेषतः एकेबी ४८ मुळे, २००५ ला तोक्योच्या अकिहाबारा भागात तो ग्रुप सुरू झाला. ग्रुपमध्ये मुली डझनांनी, मग आपण जिच्या बाजूचे ती आपली ओशी-मेन, मेन म्हणजे मेंबर. पुढे २००९ पासून चाहत्यांच्या मतांवर त्यांची निवडणूकच व्हायला लागली, सीडी घेतली की त्यात मत द्यायचा हक्क. आता विचार करा निवडणुकीत आपण आपल्या माणसाचा प्रचार कसा करतो, दारोदार फिरतो, नाव घेतो, तसं ते. तिथून मेन गळून पडलं, नुसतं ओशी राहिलं आणि ॲनिमे, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, नाटक, बेसबॉलसारखे खेळ, सगळीकडे पसरलं. त्यात लग्न नाही, प्रेमप्रकरण नाही, वय नाही, स्त्री-पुरुष नाही. आजी नातवाच्या वयाच्या गायकाला ओशी म्हणू शकते.

निशीकासाईकर

वरच्या ताईंनी शब्दाचं उत्तम सांगितलं, मी डोळ्यानं बघितलेलं सांगतो. सहा वर्षं तोक्योत आहे, निशी-कासाईला, इथं आपली भारतीय मंडळी भरपूर.

माझ्या टीममध्ये एक बाई आहेत, पन्नाशीच्या, अतिशय शांत, मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलतील तर शपथ. एकदा सगळे जेवायला गेलो, जेवण झाल्यावर त्यांनी पार्फे, म्हणजे उंच ग्लासातलं आइस्क्रीम, मागवलं, ते आलं तसं पर्समधून एक लहान कापडी पाऊच काढलं, त्यातून ॲक्रिलिकचा वीतभर पण नसेल असा स्टँड, त्यावर त्यांचं कॅरेक्टर. तो ग्लासच्या शेजारी ठेवला, तोंड जरा उजेडाकडं वळवलं, चार फोटो काढले, मऊ फडक्यानं पुसून परत पाऊचमध्ये. मग चमचा हातात घेतला. आइस्क्रीम एका बाजूनं वितळून खाली आलेलं पण त्यांना त्याचं काही नाही. मी विचारलं हे कोण, तर ज्या अभिमानानं त्यांनी नाव सांगितलं ना, मुलाचा बोर्डात नंबर आल्यावर आई सांगते तसं.

ह्या सगळ्याला ओशी-कात्सु म्हणतात, कात्सु म्हणजे कामकाज, चळवळ. बॅगेला पुढून पारदर्शक खिसा आणि त्यात एकाच चेहऱ्याचे तीस-चाळीस बिल्ले ओळीनं लावलेले, ती इता-बॅग, इताइ म्हणजे दुखणारं, बघणाऱ्याच्या डोळ्याला टोचावं इतकं उघड. तोक्योतल्या इकेबुकुरोला रविवारी स्टेशनबाहेर उभं राहिलात तर पाच मिनिटांत दहा दिसतील.

पण खरा ओसु काय ते मला डिटेक्टिव्ह कोनान ह्या ॲनिमेच्या २०१८ च्या गोष्टीवरून कळलं. त्या वर्षीच्या सिनेमात आमुरो तोरू हे कॅरेक्टर पुढं होतं, तर त्याच्या चाहत्यांनी ठरवलं की ह्याला ‘शंभर ओकु येनचा माणूस’ करायचा, आपल्या हिशोबात हजार कोटी येन, आणि लोक तोच सिनेमा पुन्हा पुन्हा तिकीट काढून बघायला लागले. शेवटी गाडी ९१८ कोटींच्या आसपास थांबली, पण कोनानच्या सिनेमांचा तोवरचा विक्रम मोडला. हजार कोटींचा टप्पा त्या मालिकेनं २०२३ ला ओलांडला. आता जो माणूस अस्तित्वातच नाही त्याला कुणी हिशोब देणार होतं का? तरी लोक गेले. माझ्या मते ओशी ही मनात ठेवायची गोष्ट नाही, तुम्ही त्याच्यासाठी काय करता त्यात ती दिसते.

आणि हा शब्द नवा असला तरी माणसं जुनीच आहेत. आशिता नो जो नावाच्या बॉक्सिंगच्या मांगात रिकिइशी नावाचा प्रतिस्पर्धी मरतो, तर १९७० च्या मार्चमध्ये तोक्योत त्याचा खराखुरा अंत्यविधी केला होता, सातशेच्या आसपास लोक आले होते. तेव्हा ओशी कोण म्हणत होतं.

रेइ_आणि_फक्त_रेइ

बेस्ट गर्लचं मी सांगते. हा शब्द भांडणाचा आहे, म्हणजे एकाच गोष्टीतल्या दोघी-चौघींमध्ये उजवी कोण. इव्हांगेलिऑन हे ॲनिमे १९९५ चं, तेव्हापासून रेइ की असुका हे चालूच आहे, मी कॉलेजात असल्यापासून रेइच्या बाजूनं आहे आणि अजून एक इंच हटलेली नाही. पुढं २०१६ ला री:झिरो हे ॲनिमे आलं तर रेम की एमिलिया यावरून तर माझ्या ओळखीतल्या दोन जिवलग मैत्रिणी महिनाभर बोलत नव्हत्या. म्हणजे बेस्ट गर्ल म्हणायला समोर दुसरी लागते, ओशीला कुणी लागत नाही.

बायस कोरियन पॉपवाल्यांचा, अर्थ जवळपास ओशीचाच, ग्रुपमधला आपला माणूस. ॲनिमेत तो वापरला तरी लोकांना कळतं.

लाडकीच_म्हणा

सगळं पटलं, पण एक विचारू का, आपल्याकडं ‘लाडकी’ शब्द असताना ओशी कशाला? आमची आजी टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेसाठी उपास धरायची, तिला कुणी जपानी शिकवलं नव्हतं. ‘नेझुको माझी लाडकी’ एवढं लिहिलं असतं तर एक माणूस बोलला नसता.

आणि ओशी लिहिलं तरी पंचाईत आहेच, माझा ओशी म्हणायचं की माझी ओशी?

पेठेतली_जपानी

लिंगाचं सोपं आहे, जपानीत नामाला लिंगच नाही, म्हणून आपल्याकडं कॅरेक्टरचं लिंग लागतं. डेमन स्लेयरमधला रेन्गोकु पुरुष, म्हणून माझा ओशी रेन्गोकु, माझी ओशी नेझुको. आमच्या क्लासमध्ये सगळे असंच बोलतात आणि कानाला कुठं खटकत नाही.

लाडकीबद्दल मात्र मी थोडी वेगळी आहे. लाडकं म्हणजे ज्याचे आपण लाड करतो, ते आपल्या मांडीवर असतं. ओशी आपल्यापेक्षा उंच जागी असते, आपण खालून तिचं नाव घेतो. तुमच्या आजींनी उपास धरला ना, तिथं लाड नव्हते, तिथं त्या तिच्यासाठी काहीतरी सोसत होत्या. ते ओशीच्या जास्त जवळचं आहे. पण कराडच्या दादांचं नेझुकोशी नातं पाठीवर घेतलेल्या धाकट्या बहिणीचं आहे, तिथं लाडकी पण शोभेल, हे मान्य.

एक सांगायचं राहिलं, ह्यात जाचक शब्द पण आहेत. दोतान-क्योहि म्हणजे माझ्या ओशीचा दुसरा चाहता मला समोर नको. ओशी-हेन म्हणजे ओशी बदलणं, आणि त्यावरून लोकांना टोचून बोलतात. आणि पगार संपेपर्यंत वस्तू घेणारी मुलं मी बघितलीत, ते करू नका, फुकटात पण ओसु करता येतं, तुम्ही वर पेटीबद्दल जे लिहिलंत ते काय कमी आहे?

कराडचा_भाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा बहिणीला वाचून दाखवला. आधी गप्प बसली, मग म्हणाली दादा मला आधी का नाही विचारलंस, आणि मग सायकल, दप्तर तिला पण आठवलं, ती म्हणाली मागं बसून तुझ्या शर्टाची कॉलर मोजायचे, किती ठिकाणी उसवलीय. मला हे माहीतच नव्हतं.

त्या ग्रुपवर आज नव्यानं लिहिलं, ‘माझी ओशी नेझुको, कारण मला पण धाकटी बहीण आहे’. ज्यानं स्क्रीनशॉट फिरवला होता त्यानं माफी मागितली.

आता बहीण म्हणतेय २८ डिसेंबरला नेझुकोचा वाढदिवस असतो, तो करायचा. काय करतात त्या दिवशी? आमच्याकडं ॲक्रिलिक स्टँड वगैरे काही नाही.

पेठेतली_जपानी

स्टँड नको, तिचा फोटो छापून पुठ्ठ्याला चिकटवा, पुढं गुलाबी काहीतरी ठेवा, तिच्या किमोनोचा रंग. आणि तिला आवडतो कोंपेइतो, साखरेचे रंगीत काटेरी दाणे. ते शोधत बसू नका, संक्रांतीचा हलवा आणा. दोन्हीकडं रीत तीच, मधल्या बारीक दाण्यावर थेंब थेंब पाक घालत मंद आचेवर हलवत राहायचं, मग काटे फुटतात. दिसायला पण जवळजवळ सारखाच, आणि डिसेंबरअखेर दुकानात यायला लागलेला असतो.

कराडचा_भाऊ

हलवा आई घरीच करते, खसखशीवर. सांगतो तिला या वर्षी पंधरा दिवस आधी बसायला.