कारखाना तोच, धूर तोच, मग एखाद्याच पहाटे श्वास का कोंडतो?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव खेड-चिपळूणच्या मधे, तिन्ही बाजूंनी डोंगर. डिसेंबर लागला की आठ-पंधरा दिवसांतून एखादी पहाट अशी येते की दार उघडलं की घसा खवखवतो, रॉकेल जळल्यासारखा वास येतो, समोरच्या गोठ्याचा पत्राही दिसत नाही. परवा साडेपाचला आईला नेब्युलायझर लावायला लागला. अकराला बघावं तर लख्ख ऊन, काहीच नाही. जवळच्या एका कारखान्यात फोन केला तर म्हणाले आमचं रोजच्यासारखंच चालू आहे. मग हे एकदम येतं कुठून? गावात सगळे धुकं म्हणून सोडून देतात, मला ते पटत नाही.

सड्यावरचा:
नाहीच पटणार, कारण ते धुरकं आहे. धूर रोज तेवढाच असला तरी त्याला वर जायला वाट आहे की नाही हे हवामान ठरवतं. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते, किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश, त्यामुळे खालची गरम हवा धूर घेऊन वर निघून जाते. पण आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्र मोठी, की जमीन पटकन निवते, तिला लागून असलेली हवा वरच्यापेक्षा गार होते आणि डोंगरावरची गार हवाही उतारावरून तुमच्या खोऱ्यात येऊन बसते. शाळेत भूगोलात तापमानाची विपरीतता शिकलो ना, तीच ही. माझं घर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळ-पठारावर आहे, जानेवारीत पहाटे काजूच्या बागेतून खाली उतरतो तेव्हा एका वळणावर गारठा एकदम अंगाला लागतो, वर स्वेटर नको वाटतो आणि खाली वहाळाजवळ कानटोपी घालावी लागते. तिथून बघितलं तर चुलीचा धूर सरळ वर येतो, एका उंचीला अडतो आणि आडवा पसरतो, वाडीवर गोधडी घातल्यासारखा.

हर्णैकर:
वाऱ्याचं पण बघा. आमच्याकडे रात्री मतलई, जमिनीकडून दर्याकडे, दुपारी खारा वारा उलटा, आणि मधल्या वेळेला हवा अगदी पडते. आणि रात्री मतलईने बाहेर नेलेला धूर दुपारचा वारा कधीकधी परत आणून टाकतो, म्हणजे समुद्र जवळ आहे म्हणून हवा कायम स्वच्छ हे काही खरं नाही. जोराच्या वाऱ्यानेही घाण येते, २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून धुळीचं वादळ गुजरातवरून मुंबईपर्यंत आलं होतं, गाड्यांवर पांढरी पावडर बसलेली आठवत असेल.

रानवाट:
आठ-नऊला वास वाढतो का बघा. ऊन लागून खालची हवा घुसळायला लागली की वर अडकलेला धूर आधी खाली येतो, मग विरतो. आणि हे हलक्यात घेऊ नका. बेल्जियममधे म्यूज नदीच्या खोऱ्यात डिसेंबर १९३० मधे कारखान्यांचा धूर असाच अडकला आणि ६० च्या वर माणसं गेली. १९८४ ला भोपाळमधेही थंड शांत रात्रीमुळे वायू जमिनीलगतच राहिला. मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब त्याचा आकडा, बरा दिसतो म्हणून निवांत राहू नका, सूक्ष्म कणांची २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या आत असली तरी पहाटेचे वाईट दोन तास त्यात बुडून जातात. आईंना ऊन चढेपर्यंत बाहेर पाठवू नका, आणि गावात संध्याकाळी पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, जाळणं आधी थांबवा, तो धूर रात्रभर तुमच्याच नाकात. दुपारी जाळावा तर वणव्याची भीती, त्यापेक्षा कलमांच्या आळ्यात घाला, ओल धरून राहील.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सांजेला वाडीत फिरलो, तीन ठिकाणी पातेरा धुमसत होता, त्यातलं एक आमच्याच चुलत्यांचं, रात्री बोललो, ते आळ्यात घालायला तयार झाले. कारखान्यालाही लिहून देतोय की वारा पडलेल्या रात्री तरी धूर कमी करा. आजपासून वहीत वेळ, वास, वारा लिहितोय. सड्यावरचे दादा, थर्मामीटर असेल तर उद्या सहाला वरचा आकडा टाका, मी वहाळाजवळचा टाकतो.