मुलाच्या इसबावर स्टेरॉइडचं मलम, लावू की नको?

सक्करदऱ्याची_आई:
मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत इसब, रात्रभर खाजवून राहिला, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. स्किनच्या डॉक्टरांनी मोमेटासोनचं मलम दिलं, रोज रात्री एकदा, दहा दिवस. घरी आणलं तर सासूबाईंनी चष्मा लावून डबी वाचली, स्टेरॉइड दिसलं की झालं, "लेकराची कातडी जाळशील!" मग मी मुगाच्या दाण्याएवढं घेऊन चारही जागी पुरवते, तेही एक दिवसाआड. तीन आठवडे झाले, काहीच फरक नाही, उलट जागा काळी पडून राहिली. ट्यूबनं झालं का हे?

इतवारीवाला:
ताई, लावूच नका. मले मांडीत गजकर्ण झालं होतं, गल्लीतल्या दुकानदारानं विचारलं ना पाह्यलं, ट्यूब हातात देल्ली. खाज दोन दिवसात गायब, मी खुश. ट्यूब सोडली की परत, मग परत ट्यूब, असं पाच महिने चाललं अन् तोवर कमरेपर्यंत पसरलं. जांघेत बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा रेघा आल्या त्या अजून आहेत.

फार्मसीतला_पोरगा:
भौ, तुझं दुखणं वेगळं, यांचं वेगळं. गजकर्ण म्हणजे बुरशी, त्यावर स्टेरॉइड म्हणजे चोराला घरात घेऊन कडी लावल्यासारखं, लाली दबते अन् आत बुरशी वाढते. तुझ्या ट्यूबमध्ये बहुतेक क्लोबेटासोल असन, ते या वर्गातलं सगळ्यात जहाल, जांघेत तर लावायचंच नाही. 2018 मध्ये सरकारनं स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, पण दुकानात काय चालते ते मी रोज पाहतो, जाऊ द्या.

ताई, इसबात मात्र हेच औषध आहे. तुमचं चुकलं ते मापात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबची एक रेघ काढा, ते साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. बोट तुमचं, पंजेही तुमचेच, पोराचे नाही. चारही घड्या मिळून तेवढीच जागा असेल तर रात्रीला एक रेघ, मुगाच्या दाण्यानं काय होणार? डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस सलग लावा, नंतर आपल्या मनानं महिनोन्महिने ओढू नका, कातडी पातळ होते ती तसल्यानं. आता तीन आठवडे झालेच आहेत, तर एक फोन करून नव्यानं दहा दिवस सुरू करू का विचारून घ्या. अन् काळं पडलं ते बहुतेक इसबाचंच, आपल्या सावळ्या कातडीवर सूज उतरली की डाग मागे राहतो, हळूहळू जातो.

मनीषनगर_काकू:
माझ्या मुलीला लहानपणी होतं. ट्यूबपेक्षा जास्त खपलं ते साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, कोमट पाण्यानं आंघोळ, अंग टिपून तीन मिनिटांत चोपडायचं. ट्यूब अन् ते एकावर एक नको, मधे अर्धा तास जाऊ द्या. नखं कापा. आणि मे महिन्यात घाम आला की खाज दुप्पट, आम्ही तर पोरीला कूलरसमोरच झोपवत होतो.

सक्करदऱ्याची_आई:
डॉक्टरांना विचारून परत सुरू केलं. आज सहावा दिवस, काल रात्री पोरगा उठलाच नाही, मीच दोनदा उठून पाहिलं की हा खाजवत का नाही 😄 सासूबाईंना बोटावर माप दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत. पण आज त्यांच्या कपाटात गालावरच्या वांगाची ट्यूब सापडली, बहिणीनं सांगितली म्हणून आणलेली, डबीवर मोमेटासोनच! आठ महिन्यांपासून रोज तोंडाला लावून राहिल्या. लगेच फेकून देऊ का?

फार्मसीतला_पोरगा:
अरे देवा. फेकायची घाई नका करू, इतके महिने लावून एकदम बंद केलं तर चेहरा लाल होऊन भणभण जळते, मग माणूस घाबरून परत तीच ट्यूब लावते. ट्यूब पिशवीत घाला अन् सासूबाईंना मेडिकलच्या स्किन ओपीडीत दाखवा, कशी सोडवायची ते ते सांगतील. मेडिकल म्हणजे हॉस्पिटल हं, कोपऱ्यावरचं दुकान नाही.