मदत हवी आहे: कुराण वाचताना आयतीच्या गोलावर ‘ला’ असेल तर थांबायचं का?

सलाम. सोलापुरात विजापूर वेसजवळ राहते. नूरानी कायदा (कुराण वाचायला शिकवणारं सुरुवातीचं पुस्तक) पूर्ण झालाय, आता घरी रोज मगरीबच्या नमाजानंतर तजवीदसह (अचूक उच्चारांचे नियम पाळून) कुराणाची तिलावत, म्हणजे पठण, करते. थांबण्याच्या खुणांपैकी मीम म्हणजे थांबायलाच हवं, जीमवर थांबलं तरी चालतं, थांबल्यावर शेवटचं अक्षर साकिन (स्वराशिवाय) होतं आणि गोल ‘ता’चा (ة) ‘हा’ होतो, एवढं पक्कं आहे.

अडलंय सूरह माऊन या अध्यायात. चौथ्या आयतीच्या शेवटी, ‘लिल्मुसल्लीन’वर, आपल्याकडच्या छापील प्रतीत आयत संपल्याच्या गोलावर ‘ला’, म्हणजे ‘थांबू नका’ची खूण, आहे; सौदी छपाईत तिथे काहीच खूण नाही. तिथे थांबलं तर ‘नमाज पढणाऱ्यांचा नाश असो’ एवढाच अर्थ उरतो, ‘जे नमाजाबाबत गाफील आहेत’ हे पुढच्या आयतीत येतं. मन धजत नाही. पण प्रत्येक आयतीवर थांबणं सुन्नत (पैगंबरांची पद्धत) आहे, असंही ऐकलंय. रेकॉर्डिंग ऐकली, तर कुणी थांबतं, कुणी जोडून वाचतं.

दुसरं, माझा अरबीतला मोठा ‘हा’ (ح) आणि छोटा ‘हा’ (ه) सारखाच निघतो. फोनवर ऐकून ते सुधारत नाही, समोर बसून चूक दाखवणारं कुणीतरी लागेल. नोकरीमुळे संध्याकाळी सातनंतरच जमेल, आणि शिकवणारी बाईच हवी. दखनी किंवा मराठी, काहीही चालेल.

तर माऊनमध्ये तुमच्या उस्तादांनी थांबायला शिकवलं की जोडून वाचायला? आणि शहरात अशा कुणी आपा माहीत आहेत का?